काठोकाठ भरलेलं भांडं

लालासाहेबांच्या पत्राला हरिभाऊ आगाश्यांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि नारायणरावांच्या जिवाला त्याची टोचणी लागून राहिली होती.

हरिभाऊंची रीत अशी नव्हती. विमा कंपनीतली तपासनिसाची नोकरी सोडून ते साताऱ्याला परत आले आणि खासगी तपासाची कामं घेऊ लागले, तेव्हापासून आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर जायचं. मग ते नकाराचं का असेना. नारायणराव वाचनालयातलं काम संपवून संध्याकाळी त्यांच्याकडे येत, तेव्हा टेबल रिकामं असायचं. हे एक पत्र मात्र तिथेच पडून होतं.

पत्र पलूसकडचं होतं. लिहिणारे लालासाहेब फौजेतले पेन्शनर हवालदार. अक्षर मोठं आणि सरळ होतं.

“हरिभाऊ यांस लालासाहेबाचा रामराम. माझा थोरला लढाईत गेला. धाकट्या जोतिबानं फौजेत जाऊ नये म्हणून त्याला वाई-पाचगणीची भाडी मारायला जुनी मोटार घेऊन दिली. गाडी मी निवडली, मीच राखली. दसऱ्यानंतर आठवड्यानं पसरणीच्या घाटात तिचे ब्रेक लागले नाहीत आणि वाईची एक बाई मेली. पोलीस म्हणतात, ब्रेक चांगले आहेत. पोरगा म्हणतो, माझी चूक, आणि पुढे तोंड उघडत नाही. पुढच्या सोमवारी त्याला कोर्टात उभा करणार. मला एका ओळीत कळवा. माझ्या पोरानं त्या बाईचा जीव घेतला का? त्याची आई जेवत नाही.”

“निदान पत्र पोचलं एवढं तरी कळवा,” नारायणराव म्हणाले होते.

“त्यांनी प्रश्न विचारलाय, नारायणराव. पोच मागितलेली नाही.” हरिभाऊंनी टोपी डोक्यावर ठेवली. “चला. आधी गाडी बघू.”

घाटाखालच्या ठाण्याच्या आवारात ती मोटार कडुनिंबाखाली उभी होती. अमेरिकन बनावटीची, अडतीस सालची. पुढची डावी बाजू डोंगराला लागून चेपली होती. मागचं एक दार निखळलं होतं. पत्रातली ती बाई, मनुबाई, त्याच दारातून बाहेर फेकल्या गेल्या होत्या. पाचगणीला लेकीकडे राहून त्या घरी परतत होत्या.

फौजदार तरुण होते आणि या प्रकरणाला कंटाळलेले दिसत होते.

“मला त्या पोराला अडकवायची हौस नाही,” ते म्हणाले. “पण पंचांसमोर गाडी पाहिली. तेलाचे ब्रेक आहेत. कुठे गळती नाही. नळी तुटलेली नाही. तेलाचं भांडं काठोकाठ भरलेलं. पेडल मी स्वतः दाबून पाहिलं, दगडासारखं घट्ट. ब्रेक निकामी असते तर पाय थेट खाली गेला असता. आणि पोरगा स्वतःच कबूल करतोय.”

“काय कबूल करतोय?”

“चूक माझी, एवढंच.”

जोतिबा कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. वय एकोणीसच्या आसपास, मिसरूड नुकतीच फुटलेली, उजवा हात गळ्यात बांधलेला. त्यानं उठून नमस्कार करायचा प्रयत्न केला.

“बस,” हरिभाऊ म्हणाले. “उतरताना गाडी कोणत्या गिअरमध्ये होती?”

“दुसऱ्या. मंग पयल्यात घालाय बगितली. पडंना.”

“आणि मग?”

“डोंगराला घातली. दुसऱ्या अंगाला दरी हुती.”

“म्हणजे झोप लागली नव्हती तुला.”

“न्हाई जी.”

“ब्रेक लागले नाहीत?”

जोतिबानं मान खाली घातली.

“माजी चूक हाय. आनि काय इचारू नका, साहेब.”

“वडिलांना काही निरोप?”

आता मात्र त्यानं झटकन वर बघितलं. “तात्यास्नी हितं आनू नका. गाडी बगाय तर मुळीच आनू नका.”

बाहेर आल्यावर नारायणराव हळहळले. “बापाचं मन मोडेल म्हणून म्हणतोय बिचारा. इतक्या हौसेनं घेतलेली गाडी.”

“असेल,” हरिभाऊ म्हणाले. ते मोटारीत वाकले होते. चालकाच्या पायाखालचं फळकूट उचलून त्यांनी ब्रेकच्या भांड्याचं झाकण काढलं. तेल अगदी वरपर्यंत होतं. त्यांनी बोट बुडवलं, वास घेतला आणि बोट नारायणरावांच्या नाकापुढे धरलं.

“कसला वास येतो?”

“तेलाचा.”

“धन्य आहे तुमची. रंग?”

“काळपट. पण भांडं भरलेलं आहे हे तर खरं ना? भरलेलं म्हणजे चांगलंच की.”

हरिभाऊंनी खिशातून औषधाची रिकामी बाटली काढली, फौजदारांना विचारून थोडं तेल तिच्यात घेतलं आणि झाकण जागच्या जागी लावलं.

वाईच्या मोटार-तळावर कोंडीबा भेटला. पाचगणीची भाडी मारणारा हा जुना माणूस. नवरात्राच्या आधी भाड्यावरून त्याचं आणि जोतिबाचं चांगलंच वाजलं होतं, आणि “ही गाडी मी घाटात चालू देणार न्हाई,” असं तो चारचौघांत बोलला होता. नारायणरावांनी रस्त्यातच मनाशी ठरवून टाकलं होतं की गुन्हेगार सापडला.

“बोललो हुतो,” कोंडीबानं लपवलं नाही. “म्हनून काय आता बाई मारली म्या? आवं, रोज भांडतो आमी गाडीवाले. संध्याकाळी एकाच काडीवर बिड्या पेटवतो. ते पोरगं बिडी वढत न्हाई म्हनून त्याच्यावर जरा जास्त राग, एवडंच.”

“दसऱ्याच्या सुमाराला तू कुठे होतास?”

“हितंच. खंडेनवमीला गाडी धुतली, हार घातला, पानं-पकडी सगळं पूजेला. त्या दिशी कोन हत्यार उचलतंय? दसऱ्याला सोनं वाटून मंग चाक हलवलं.”

“जोतिबा गाडी कशी चालवतो?”

कोंडीबानं तोंड वाकडं केलं. “म्हाताऱ्या म्हशीवानी. सावकाश. माज्यासारख्याला मागं तिष्ठावं लागतं. त्या सकाळीबी चढताना तसंच. त्याची गाडी फुडं, मी मागं, आनि त्याच्या चाकाचा जळका वास माज्या नाकात. म्या हाक मारून सांगितलंबी, गाडी गरम झालीया तुजी. वर पोचल्यावर बोनेट उघडून बगितलं त्यानं, पानी घातलं. इंजीन तर थंड हुतं म्हनला.”

“चढतानाच वास येत होता?”

“व्हय. चढतानाच.”

“उतरताना नव्हे?”

“आवं, उतरताना मी संगं नव्हतोच की.”

हरिभाऊंनी कोंडीबाला बिडी देऊ केली, आणि ती पेटवायला स्वतःची काडीही.

दुसऱ्या दिवशी दोघे रेल्वेनं सांगलीला गेले. मोटारींचा व्यापारी नानासो पेठेत लाकडी खुर्चीवर बसून होता. लढाईच्या दिवसांत नव्या मोटारी आल्याच नव्हत्या. जुन्या गाड्यांना रंग देऊन विकणाऱ्यांचा त्या काळी थाट होता. लालासाहेबांचं नाव काढताच त्यानं कपाळाला हात लावला.

“त्या हवालदारानं मला रडवलंय, साहेब. दर बाजाराला यायचा. खिल्लारी खोंड घेताना बघतात तसं गाडी बघायचा. पुढून चालव, मागून चालव, नांगरटीतून चालव. तिच्या तोंडात हात घालून दात मोजायचे तेवढे राहिले. गिअरच्या पेटीला कान लावून बसला. मग म्हणाला, हिचं तेल परातीत काढ.”

“का?”

नानासो जरा खाकरला. “आता तुम्हांला काय लपवायचं. काही लोक गिअरच्या पेटीत लाकडाचा भुसा घालतात. खडखड बंद होते, गिऱ्हाईक खूश. म्हातारा ते ऐकून होता. सगळं तेल बोटांनी चिवडून बघितलं त्यानं. माझ्या पेटीत भुसा नव्हता हे माझं नशीब.”

“की त्यांच्या धाकानं काढला होतास?” नारायणराव धीर करून म्हणाले.

“तसं म्हणा हवं तर,” नानासो हसला. मग त्याचं हसू मावळलं. “त्याला मी सळयांच्या ब्रेकची गाडी दाखवली होती. दणकट, कमी किमतीची. तो म्हणाला, न्हाई, पोरासाठी घेतोय, तेलाचेच ब्रेक पायजेत, झटक्यात लागत्यात. श्रावणात गाडी नेली. तेव्हापासून आजवर तिच्याबद्दल एक शब्द तक्रार नाही.”

पलूसला पोचेस्तोवर ऊन कलतं झालं होतं. लालासाहेब उसाच्या बांधावर उभे होते. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी सलाम केला आणि पत्राचं उत्तर का आलं नाही हे विचारलंही नाही.

शालूबाईंनी गूळ-पाणी आणलं. “ह्यास्नी जरा सांगा,” त्या हरिभाऊंना म्हणाल्या. “रातच्याला उठून इंजिनाच्या शेडात जाऊन बसत्यात. मी हाक मारली तर ओ देत न्हाईत.”

“तू आत जा,” लालासाहेब म्हणाले. मग हरिभाऊंकडे वळले. “खरं सांगू का? रोज सकाळी वाटतं, गाडीतच खोट निघू दे, पोरगं तरी सुटंल. मंग वाटतं, गाडी तर म्या निवडली. म्हंजी खोट माजीच की. कुठंबी फिरलं तरी मानूस जाग्यावरच येतो.”

त्यांनी शेड दाखवली. विहिरीवरचं पाणी ओढणारं तेलाचं इंजीन आरशासारखं पुसलेलं होतं. शेजारी मोटारीच्या चाकांच्या खुणा होत्या, आणि वाळलेल्या झेंडूची माळ खुंटीला.

“जोती घरी असला की गाडी हितंच असायची, इंजिनाशेजारी. तो आला की मी तिच्याखाली शिरायचा. फौजेत आमास्नी शिकवलं हुतं, हत्यार कोरडं ऱ्हायलं तर मानूस मरतो. नवरात्राच्या आधी बिराप्पा मिस्त्रीकडनं ब्रेकची रबरं नवी घातली. नवरात्रभर गाडी कशी लोन्यावानी पळाली. खंडेनवमीला जोतीला म्हनलं, आज तिला हात लावायचा न्हाई. फाळ, कुदळ, विळे, माजी जुनी संगीन, इंजीन, मोटार, सगळं म्या ह्या हातानं पुसलं, सगळ्यास्नी तेल दिलं. दौलतीतलं एक हत्यार कोरडं ठेवलं न्हाई.”

“कोणतं तेल?”

“ह्या इंजिनाचंच की. लोखंडाला त्याच्यासारखं औषद न्हाई.”

कोपऱ्यात पत्र्याचा डबा होता, चोच असलेला. हरिभाऊ त्याच्याकडे बघत राहिले.

“दसऱ्यानंतर गाडी तशीच पळत होती?”

“जरा जड झाली म्हनत हुता. रेशनच्या कूपनाचं पेट्रोल लवकर सपाय लागलं. म्या म्हनलं, पंपवाल्यानं रॉकेल मिसळलं आसंल.”

हरिभाऊ आणखी काही विचारणार होते. तोंडापर्यंत आलेला प्रश्न त्यांनी गिळला आणि इंजिनाची तारीफ केली. इतकं निगुतीनं राखलेलं इंजीन जिल्ह्यात दुसरं नसेल, असं ते म्हणाले. लालासाहेबांचे डोळे भरून आले.

परतीच्या गाडीत नारायणराव म्हणाले, “पंपवाल्याची चौकशी करायला हवी. रॉकेल मिसळणं हा गुन्हा आहे.”

साताऱ्यापर्यंत हरिभाऊ खिडकीबाहेर बघत होते, आणि बाहेर काळोखाशिवाय काही नव्हतं.

बिराप्पा मिस्त्री जतकडचा. साताऱ्यात त्याचं पत्र्याचं छप्पर होतं, आणि छपराखाली नेहमी कुणाची तरी मोटार पोट उघडून पडलेली असायची.

“रबरं मीच घातली,” तो म्हणाला. “घटस्थापनेच्या आधी. तेलबी माजंच. एरंडेल आनि स्पिरिट, घरी करतो. लढाईत बाहेरचं मिळंना, तवापास्नं.”

“त्यानंतर गाडीला हात लावलास?”

“न्हाई अप्पा. दसऱ्याच्या वक्ताला माजी हत्यारं देवाफुडं. त्याच्या मागनं ते पोरगं आलंच न्हाई हिकडं.”

“तेलाबद्दल त्याला काही सांगितलं होतंस?”

“सगळ्यास्नी सांगतो तेच. ह्या भांड्यात दुसरं कायबी वतायचं न्हाई. गोडं न्हाई, रॉकेल न्हाई, इंजिनाचं न्हाई. रबर लय नाजूक जात. पोरगं व्हय व्हय म्हनलं.”

हरिभाऊंनी त्याच्याकडून ब्रेकची दोन नवी रबरं आणि बाटलीभर तेल घेतलं.

घरी त्यांनी दोन पेले मांडले. एकात बिराप्पाचं तेल, दुसऱ्यात मोटारीच्या भांड्यातून आणलेलं. दोन्हींत एकेक रबर सोडलं आणि पेले लालासाहेबांच्या पत्रावर ठेवून दिले. दिवस जाऊ लागले. नारायणराव रोज येत, पत्राकडे बघत, आणि पेल्यांकडे बघून त्यांचा जीव आणखीच कासावीस होई.

“सोमवार जवळ आला, हरिभाऊ. तिकडे एक बाई जेवत नाहीये. एक ओळ लिहायला काय जातं तुमचं?”

“तीच ओळ लिहायची भीती वाटते मला,” हरिभाऊ म्हणाले.

हे त्यांच्या तोंडून नारायणरावांनी कधी ऐकलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी हरिभाऊंच्या निरोपावरून ठाण्यात सगळे जमले. फौजदार होते. साक्षीसाठी बोलावलेले कोंडीबा, नानासो आणि बिराप्पा एका बाकावर एकमेकांना धक्के मारत बसले होते. जोतिबाला कोठडीतून बाहेर आणलं होतं.

हरिभाऊंनी आधी बिराप्पाला मोटारीकडे नेलं. त्यानं ब्रेकच्या भांड्याखालचं नळकांडं खोललं. आतलं रबर बोटानं निघेना. शेवटी पेचकसानं ओढून काढलं. ते फुगून लिबलिबीत झालं होतं. हरिभाऊंनी आपले दोन पेले टेबलावर ठेवले. बिराप्पाच्या तेलातलं रबर होतं तसंच होतं. दुसऱ्यातलं आताच निघालेल्या रबरासारखं फुगलं होतं.

“आई गं,” बिराप्पा पुटपुटला. “इंजिनाचं तेल.”

“फौजदारसाहेब,” हरिभाऊ म्हणाले, “तुम्हांला दोन गोष्टींनी चकवलं. पेडल घट्ट होतं आणि भांडं भरलेलं होतं. चांगलं पेडल पायाखाली थोडं दबतं. हे दगडासारखं होतं, कारण आत रबर फुगून बसलं होतं. पाय उचलला की तेल एका केसाएवढ्या भोकातून भांड्यात परत यायचं असतं. रबरानं ते भोक बुजवलं. म्हणजे ब्रेक लागले की पुरते सुटेनात. गाडी सतत दाबून धरलेली. म्हणून ती जड झाली, म्हणून पेट्रोल लवकर संपलं. आणि म्हणूनच कोंडीबाला चढतानाच जळका वास आला. चढावर ब्रेक कोण दाबतं? इंजीन थंड होतं, तापली होती चाकं. वर पोचेपर्यंत ब्रेकचे पट्टे करपून गेले होते. उतारावर पोरानं पाय दाबला तेव्हा धरायला काही उरलंच नव्हतं.”

“म्हणजे कुणीतरी घात केला,” फौजदार म्हणाले. त्यांची नजर कोंडीबाकडे गेली. कोंडीबा उठून उभा राहिला.

“बस रं,” बिराप्पानं त्याचं धोतर ओढलं.

“घात करणारा तेल काढून घेतो, साहेब. भांडं काठोकाठ भरत बसत नाही. ज्यानं हे भरलं, त्याला गाडीचं भलं करायचं होतं.” हरिभाऊंनी पेले बाजूला सारले. “आता कधी भरलं ते पाहू. नानासोनं गाडी श्रावणात विकली. रबरं त्यानंतर बदलली, म्हणजे तो सुटला. बिराप्पानं चुकीचं तेल घातलं असतं, तर गाडी नवरात्रातच अडली असती. ती तर नवरात्रभर चांगली पळाली आणि दसऱ्यानंतर जड झाली. म्हणजे तेल पडलं त्या एकदोन दिवसांत. खंडेनवमीला गाडी पलूसच्या शेडात होती. त्या दिवशी मिस्त्री पाना उचलत नाही, गाडीवाला चाक हलवत नाही. कोंडीबा आणि बिराप्पा दोघेही आपापल्या पूजेत होते. आपल्या मुलखात त्या दिवशी हत्यारांचं एकच काम करतात. पुसतात, आणि त्यांना तेल देतात.”

नारायणरावांच्या डोळ्यांपुढे तो चोचीचा डबा आला.

“तुम्ही त्यांना विचारलं का नाही, भांड्यात तेल घातलंत का म्हणून?” ते हळूच म्हणाले.

“मी विचारलं असतं, तर त्याच क्षणी त्यांना कळलं असतं. पेल्यातलं रबर फुगेपर्यंत मला आशा होती की माझाच तर्क चुकेल.”

हरिभाऊ जोतिबाकडे वळले. “तुला कधी कळलं?”

जोतिबानं फुगलेल्या रबराकडे बघितलं. “फौजदारसायबांनी झाकन उघडलं तवा. वास आला. आमच्या शेडातला.”

“तोवर नाही?”

“न्हाई. नवमीला तात्या फळकूट उचलून बसलं हुतं. मला वाटलं पुसत्यात. बिराप्पानं मला बजावलं हुतं, म्या घरात सांगाय इसरलो. मंग चूक माजीच न्हवं का?” तो बाकावरून खाली सरकला आणि त्यानं हरिभाऊंचे पाय धरले. “तात्यास्नी कळवू नका. माजा दादा गेला तवा त्यांनी चूल पेटू दिली न्हवती. हे कळलं तर ते ऱ्हायचे न्हाईत. मी जातो तुरुंगात. मला कायबी हुत न्हाई.”

फौजदार खिडकीशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं ते पाठमोरेच म्हणाले, “आरोपीच्या शब्दावर कोर्ट विश्वास ठेवणार नाही. तेल कुणी घातलं हे घालणाऱ्यानंच येऊन सांगायला हवं. हवालदार आले तर मी पोराच्या बाजूनं अहवाल देईन. नाही आले, तर सोमवारी माझा जुना पंचनामाच उभा राहील.”

“नगा आनू त्यास्नी,” जोतिबा पुन्हा म्हणाला.

“तू तुरुंगात गेलास, आणि पुढे कधीतरी बिराप्पानं नाहीतर कोंडीबानं ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली, तर?” हरिभाऊ त्याच्याजवळ जमिनीवरच बसले. “त्यांच्या हातून सोडवायला तेव्हा कुणी उरलेलं नसेल. आज तू आहेस.”

जोतिबा बराच वेळ रडत राहिला. कोंडीबानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं होतं.

“मी जातो पलूसला,” नारायणराव म्हणाले. “असं पत्रातून कळवणं बरं नव्हे.”

“तुम्ही समोर गेलात तर ते ताठ उभे राहतील. गूळ-पाणी देतील, तुम्हांला बांधापर्यंत पोचवतील. मग एकटे शेडात जातील. पत्र वाचायला माणूस खाली बसतो, नारायणराव. आणि शालूबाई जवळ असतील.”

हरिभाऊंनी फौजदारांचीच दौत घेतली. त्यांनी बऱ्याच वेळा कागद बदलला. शेवटी लिहिलं ते थोडकंच होतं.

“लालासाहेब, तुमच्या मुलानं त्या बाईचा जीव घेतला नाही. खंडेनवमीला तुम्ही ब्रेकच्या भांड्यात इंजिनाचं तेल घातलंत, त्यानं आतलं रबर फुगलं आणि ब्रेक गेले. तुम्हांला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. जोतिबाला अपघातानंतर कळलं, आणि तुम्हांला कळू नये म्हणून तो तुरुंगात जायला निघाला आहे. सोमवारी साक्षीला या. शालूबाईंना घेऊन या.”

त्यांनी कागद जोतिबापुढे सरकवला. त्याचा उजवा हात बांधलेला होता. डाव्या हातानं, लहान मुलासारखी वेडीवाकडी अक्षरं काढत, त्यानं खाली लिहिलं.

“तात्या, मला सोडवाय तुमीच या. दुसरं कुनी चालनार न्हाई.”

नारायणराव लिफाफा घेऊन टपाल कचेरीकडे निघाले. ते वाटेत दोनदा थांबले. टपालाची मोटार कचेरीच्या दारात उभी होती आणि शिपाई पिशवीचं तोंड बांधत होता.

“टाकायचंय का, काका?” त्यानं विचारलं. “टाकायचं असलं तर बिगीनं टाका. आज गेलं तर शनवारी पोचंल.”

नारायणरावांनी लिफाफा पिशवीत टाकला.